यशवंतचा खोडा

महिन्यापूर्वी भर दुपारी वहिनींचा फोन आला. "डॉक्टर, हे जेवलं, जरा आडवं झालं... आन् उठलंच न्हाईत. तरास न्हाई झाला बघा." रडू फुटण्याआधी मला हायसं वाटलं. मुक्या जनावरांचं मरण सोपं व्हावं म्हणून धडपडलेल्या माझ्या मित्राला, यशवंतला, सोपं मरण आलं होतं.

नव्वदच्या दशकात मी पशुवैद्य म्हणून कत्तलखान्यात म्हशी तपासायचो. चौघं जण पायाला दोर बांधून म्हैस पाडायचे. ती घसरायची, धडपडायची, ओरडायची. एकदा तिच्याखाली सापडून एका माणसाच्या मांडीचं हाड मोडलं. उद्यमनगरातल्या यशवंतच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये चहा पिताना मी हे सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर बघायलाच आला. राधानगरीकडचा गडी, म्हशींत वाढलेला... बाहेर येऊन एवढंच म्हणाला, "मरायचं ते मरंल, पण असं भिऊन नगं." आणि उभ्या म्हशीला दोन्ही अंगांनी हळू आवळून धरणारा लोखंडी खोडा त्यानं करायला घेतला.

वहिनी भडकल्या. "म्हशीचं दूध पिऊन वाढलासा आन् तिलाच माराय यंत्र करतासा?" दोघांचं बोलणं बंद झालं. त्यात पहिला खोडा फसला. पत्रा वाजला की म्हैस बुजायची, मागं रेटायची. तिथला मुकादम हसला, "पावणं, भंगारात घाला की हे!" यशवंतनं तो खरंच तोडला. दुसऱ्या खोड्याच्या बाजू बंद केल्या, लोखंडावर लोखंड आदळेल तिथं रबर बसवलं, पाय घसरू नयेत म्हणून तळाला सळ्या वेल्ड केल्या.

चाचणीला वहिनी न सांगता आल्या आणि फाटकाबाहेर थांबल्या. म्हैस आपल्या पायांनी खोड्यात गेली, उभी राहिली, आणि तिला काही कळायच्या आत सगळं संपलं. यशवंत बाहेर येऊन भिंतीला टेकून बसला.

"वरडली?" वहिनींनी विचारलं.

"न्हाई."

"पडली?"

"न्हाई गं."

त्या त्याच्याशेजारी बसल्या. किती तरी दिवसांनी दोघं एकमेकांशी बोलली होती...

आता शेड त्याची मुलगी सांभाळते. परवा गेलो तेव्हा नवा खोडा गाडीत चढायचा होता. प्रत्येक खोडा पाठवण्याआधी यशवंत डोळे मिटून स्वतः बाजू आवळायचा दांडा ओढायचा आणि कान द्यायचा. जरा खट् झालं तरी काम परत. पोरीनं तसेच डोळे मिटले, दांडा ओढला. दोन्ही बाजू जवळ आल्या.

"काय ऐकाय आलं, काका?"

मी मान हलवली. काहीच ऐकू आलं नव्हतं.