काकूंनी काढून टाकलेलं एक्स्टेन्शन

कर्जतच्या आमच्या काकूंनी ब्राउझरचं एखादं एक्स्टेन्शन पसंत केलं, तर ते बनवणाऱ्याने गावजेवण घालावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. काकूंचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं दुकान आहे, आणि मुलूखभर पांगलेल्या आम्हा मोटरवाल्यांचा ऑनलाइन ग्रुपही त्याच चालवतात. जाहिराती, भांडणं आवरायला ब्राउझरला जोडायची ही छोटी अवजारं लागतात. पण काकू ती अशी पारखतात, की म्हैस घेणाराही दमेल. आधी त्याने मागितलेल्या परवानग्या ग्रुपवर मोठ्याने वाचून पाठवणार. "हा म्हनतोय, तुमी उघडाल ती साइट वाचीन. का रं भाऊ, सोयरीक जुळवाया आलास व्हय?" की तो बाद! पास झालेल्यालाही आठ दिवस खोट्या ग्रुपवर राबवतात. त्यात काकू एकट्याच; स्वतःलाच शिव्या घालतात आणि अवजार त्या शिव्या पकडतं का बघतात. "कालच्यानं एकबी धरली न्हाई. लई सोशिक!" इंजिनिअर लोकही त्यांना विचारून बसवतात, हे सांगताना माझी मान ताठ होते.

इतक्या बारीक चाळणीतून एक उरलं होतं. नवख्याने घाईघाईत पुन्हापुन्हा टाकलेली पोस्ट ते आपोआप दडवायचं. सगळे खूश. नेमका तेव्हाच मी ग्रुपमध्ये आलो. शाळा आठवीत सुटलेली, कोइमतूरच्या वर्कशॉपात नवी नोकरी, आणि मी भरलेली पहिलीच मोठी मोटर नुसती घुंऽ करायची, फिरायची नाही. मालकाने संध्याकाळपर्यंत मुदत दिली. नाहीतर चालू लाग. मी तोच प्रश्न पाचदा टाकला. पाचही गडप.

पण दडवलेल्या पोस्टी काकू दुपारच्या चहाबरोबर स्वतः वाचतात. तिथे मी सापडलो. "तिन्ही फेजचा करंट माप. एका फेजची टोकं उलटी जोडली असशील," त्यांनी लिहिलं, आणि ते एक्स्टेन्शन तिथल्या तिथे काढून टाकलं. ग्रुपवर कुरकुर झाली, "काकू, चांगलं चाललं हुतं की!"

"घाबरल्याला मानूस पाच हाका मारतो. हे त्याला लबाड ठरवतंय. मी हातानं केर काढीन."

इकडे मी टोकं बदलली. मोटर फिरली! फोटो टाकला.

"फोटूत समद्याच मोटरी चांगल्या. आवाज पाठव."

पाठवला. उत्तर आलं, "बेरिंग जरा बोलतंय, बाकी झ्याक. आता जेव."

मालक तमिळमध्ये काहीतरी बोलत होता, बहुधा चांगलंच. मी पायरीवर फोन धरून बसलो होतो. त्या गावात मला ‘जेव’ म्हणणारं तोवर कोणी नव्हतं.