ओहोटीचा रविवार

जयवंतीचं माहेर माणदेशातलं, जिथे आंघोळीचं पाणीही बादलीत वाकून बघून वापरायचं. लग्न होऊन ती वसईच्या फ्लॅटमध्ये आली तेव्हा जवळच्या खाडीचं तिला कौतुक कमी आणि धास्ती जास्त. नव्वद सालच्या आगेमागे नवऱ्याने, सुधाकरने, हौसेने दोघांचं नाव होडी क्लबात घातलं. चार रविवारांत त्याची हौस फिटली आणि तो पेपर घेऊन गॅलरीत बसला. जयवंती मात्र जातच राहिली, ती मर्सीमुळे.

मर्सी पाचूबंदरच्या मच्छीमार घरातली, शाळेत शिक्षिका. क्लब म्हणजे तरी काय, एक पत्र्याची शेड, पाच-सहा होड्या आणि रुडॉल्फ नावाचा सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त, पण आवाज लिलाव पुकारणाऱ्याचा. त्याने एक रीत घालून दिली होती. होडी दोघांची, जोडी ठरलेली. मागे बसेल त्याने पाणी बघायचं, कुठे वळायचं, कधी परतायचं ते ठरवायचं. पुढच्याने फक्त वल्हं मारायचं, पाण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. एका होडीत दोन शहाणे नकोत, असं त्याचं म्हणणं.

मर्सीने पहिल्याच दिवशी जयवंतीला मागे बसवलं.

"अगं, मला पाण्याची भीती वाटते!"

"म्हनून तर. तूच पानी बघ. बघून बघून भीती मरते."

आणि खरंच मेली. जयवंती पोहायला शिकली, तिची पाठदुखी पळाली, तिथीवरून भरती-ओहोटी सांगू लागली. ज्या गावात तिला कुत्रं ओळखत नव्हतं, तिथे नाताळात चार घरांतून ताटं यायला लागली. पण खरी कमाई मर्सी. सासूपासून देवापर्यंत सगळ्यांच्या तक्रारी दोघींनी त्या खाडीत केल्या. मर्सी पुढे बसून बोलायची, जयवंती तिच्या पाठीकडे बघत ऐकायची.

मग मर्सीचा नवरा पीटर कॅनडाला गेला आणि वर्षभरात मर्सीही गेली.

रुडॉल्फने जयवंतीची जोडी क्लबात नव्या आलेल्या स्वप्ना नावाच्या मुलीशी लावायचा घाट घातला. "माझी जोडी आहे," जयवंती म्हणाली, "जरा लांब आहे एवढंच." सगळे हसले, तीही हसली. दर रविवारी ती क्लबात जायची, होड्यांना रंग द्यायची, नवख्यांना वल्हं धरायला शिकवायची, पण पाण्यात उतरायची नाही. मर्सीची आठवण तिला भुकेसारखी लागायची, वेळच्या वेळी. फोन यायचे, पण फोनवर बोलून होतं का? मिनिटं पळत असतात आणि पलीकडे पीटर घसा खाकरत असतो.

पाच-सहा वर्षांनी, जानेवारीत, मर्सी आली. लग्नसराईचे दिवस, आज या भाचीचं, उद्या त्या पुतण्याचं. जयवंतीच्या वाट्याला शेवटच्या रविवारचा एक तास आला. "दहाला निघायला हवं गं, जेवायला थांबणारेत सगळे," मर्सी म्हणाली. त्याच आठवड्यात तिचं विमान होतं.

इतक्या वर्षांचं बोलणं एका तासात कसं मावणार? नेहमीसारखी मागे बसलेल्या जयवंतीने होडी तिवरांच्या झाडीतल्या, खाडीच्या एका अरुंद फाट्यात घातली. ओहोटी लागलेली तिला दिसत होती. काठाचा ओला पट्टा रुंदावत चालला होता. "अजून जरा आत जाऊ," ती म्हणाली. मर्सी वल्हं मारत राहिली. परत फिरेपर्यंत होडी चिखलात बसली ती बसलीच. उतरून चालावं तर मांडीपर्यंत गाळ. आता भरतीशिवाय सुटका नाही.

मग काय, दोघी बोलत बसल्या. मर्सीने बर्फाचं सांगितलं, कारखान्यात डबे भरायच्या नोकरीचं सांगितलं. तिथे शेजारीण दारात भेटली की हवेबद्दल बोलते आणि दार लावते, हेही सांगितलं. सांगता सांगता रडली. जयवंतीने आपलं सांगितलं. उन्हं कलली तरी दोघींचं संपेना.

रुडॉल्फ शोधत शोधत बांधावर आला आणि तिथूनच गरजला, "जयवंतीताई, तुम्हीसुद्धा? नवखी पोरं बरी!" जयवंतीने मान खाली घातली. तो तणतणत निघून गेला.

"मर्सी, मी चुकले नाही," ती हळूच म्हणाली. "मी मुद्दाम आणलं तुला इथे. तुझी माणसं जेवायची खोळंबली, मला माफ कर."

मर्सीने वळून बघितलं.

"येडी आहेस. कोळ्याची पोर मी. पानी उतरताना मला दिसत नव्हतं?"

भरतीचं पाणी तिवरांच्या मुळांतून आत शिरलं, होडी चिखलातून सुटून हलायला लागली. कोणीच वल्हं उचललं नाही.