नव्या लायसनची अट

पक्कं लायसन हातात पडलं आणि पंधरा दिवसांत माझ्या मुलीने लाल रंगाची सेकंडहँड स्पोर्ट्स कार दारात आणून उभी केली. दोन दारं, दोनच सीटा, आणि गाडी जमिनीला इतकी टेकलेली की आत बसताना कुणी मला विहिरीत सोडतंय असं वाटायचं. पैसे तिचेच, पाइपच्या कारखान्यातल्या नोकरीचे. मी डाफरलो. नवशिक्याच्या हाती असली गाडी देऊ नये, हे माझं मत आजही कायम आहे. पण तिची आई जाऊन तेव्हा दीडच वर्ष झालं होतं. मेहरूणच्या त्या घरात आम्ही दोघंच, त्यात मी डाळ मिलमधून निवृत्त होऊन घरी बसलेला. अडवायला जीभ रेटेना.

आमच्यात नवीन वस्तू घरातल्या मोठ्याच्या नावावर घ्यायची रीत आहे. म्हणून गाडी माझ्या नावावर झाली आणि विम्याचे कागद माझ्या कपाटात गेले. विमा एजंटने मला नीट समजावलं होतं. "भाऊ, हप्ता गाडीच्या इंजिनावर नि किमतीवर बसतो. ताईचं वय, लायसन नवं की जुनं, त्याचा काही संबंध नाही. पक्कं लायसन पाहिजे, बस." हप्त्याचा आकडा ऐकून माझे डोळे पांढरे झाले, ती गोष्ट वेगळी.

घरी येऊन मी मुलीला सांगितलं, "नव्या लायसनवाल्याने वर्षभर शेजारी जुना लायसनवाला बसवायचा. नाहीतर विमा मिळत नाही." शेजारी कुणीतरी हवं, ही अट शिकाऊ लायसनला असते. पक्क्याला नसते, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. थाप मारली, सरळ. जुनं लायसन घरात माझ्याकडेच होतं. तिने कागद मागितले नाहीत. वडलांच्या कपाटाला हात लावायचा नाही, हे तिला मीच लहानपणापासून शिकवलेलं.

पोरीची काळजी होती का? होती, थोडीफार. पण खरं कारण ते नव्हतं. घर खायला उठायचं. ती कामावरून यायची, ताट घेऊन मोबाइल बघत बसायची, मी टीव्हीसमोर. आठवड्यात आमची दहा वाक्यं होत नसतील. गाडीत मात्र ती बोलायची.

दर रविवारी आम्ही धुळ्याला माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे जायचो. वाटेत मोठा स्पीडब्रेकर आला की गाडीचं पोट घासू नये म्हणून मी खाली उतरायचो आणि गाडी पार झाली की परत बसायचो. लोक हसायचे. हसू देत. एकदा एरंडोल सोडल्यावर ती म्हणाली, "मम्मी ओरडायची ना, तो आवाजच आठवत नाही मला आता." मी म्हणालो, "मलाही नाही आठवत." मग पारोळ्यापर्यंत दोघंही गप्प होतो. पण ते गप्प बसणं घरातल्यासारखं नव्हतं.

तिचं काय जातंय ते मला दिसत होतं. दोनच सीटा, त्यातली एक माझी. मैत्रिणींनी दोन-चारदा विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

वर्ष संपत आलं तेव्हा अशाच एका रविवारी रस्त्यात एजंटचा फोन आला, विमा पुन्हा भरायचा म्हणून. माझा फोन तिने गाडीच्या स्पीकरला जोडून ठेवला होता. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "दादा, आता वर्ष झालं. ती शेजारी बसायची अट सुटली ना?"

"कसली अट, ताई? पक्क्या लायसनला अशी अट नसते. भाऊंना सांगितलं होतं मी."

ती चिडली नाही. धुळ्यात अक्काच्या दारात गाडी बंद केली आणि समोर बघत म्हणाली, "पप्पा, सोबत यायचं होतं तर तसं सांगायचं ना."

तेव्हा हो म्हटलं असतं तर संपलं होतं. पण माझा स्वभाव नडला. "मी काय भिकारी आहे, पोरीकडे सोबत मागत फिरायला?" असं म्हणून मी दार आपटून उतरलो.

पुढच्या रविवारी तिने गाडी बाहेर काढली आणि माझ्या बाजूचं दार उघडून ठेवलं. "येताय ना?"

"मला नाही जमणार. कंबर दुखते त्या गाडीत."

ती थांबली. मी पेपरची घडी केली, परत उघडली. मग तिने आतूनच वाकून ते दार ओढून घेतलं आणि निघून गेली. मला जायचं होतं. कपडेसुद्धा बदलून बसलो होतो.

दुपारी मी का आलो नाही ते विचारायला अक्काचा फोन आला. "पोर उनी. तू काबर उना नही?"

"मला कुणी बोलावलंच नाही," मी म्हणालो.