वाजवून आत जाणारा हेमंत

हेमंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी काशीमीऱ्याच्या पुलाखाली रिक्षात अडकलो होतो. पुढे ट्रक, मागे ट्रक, रिक्षावाला कुणावर तरी ओरडतोय आणि कानात हेमंतच्या धाकट्या भावाचा आवाज, "दादा गेला रे... अटॅक आला." मी वेड्यासारखं "कोण दादा?" असं विचारलं. आदल्याच संध्याकाळी आमचा भाल्यावरून वाद झाला होता आणि "जाऊ दे, सोमवारी बघू," म्हणत तो जिना उतरला होता. तो सोमवार त्याच्याशिवाय येऊन गेला. आता महिना होत आलाय, लोक भेटून सांत्वन करून गेलेत, आणि मी नुसता दमलोय.

भाल्याची भानगड सांगायला हवी. आम्ही दोघांनी मिळून एक व्हिडिओ गेम बनवला होता, जेसल पार्कमधल्या भाड्याच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत बसून. कोड मी लिहायचो. प्राणी आणि त्यांची एकेक हालचाल हेमंत काढायचा. खेळणारा समुद्राखाली एकटा असतो. हवा जपायची, खायला शोधायचं, मोडकी होडी दुरुस्त करायची आणि तगून राहायचं. अशा खेळांत थोड्याच वेळात हातात एखादं शस्त्र येतं. आमच्यात येतो लोखंडाचा एक तुकडा. तो पाठीवरच्या हवेच्या टाकीवर ठोकायचा, टण् टण्. समोरचा प्राणी ते ऐकतो आणि मनात असेल तर बाजूला होतो. नसेल तर तुम्ही थांबायचं, बस.

ही कल्पना हेमंतच्या घरातली. त्याचे वडील घोडबंदरकडचे, खाडीलगतच्या खाजणात त्यांची भातशेती होती. तिथे पाय टाकण्याआधी ते बांधावर काठी आपटायचे, म्हणजे साप-किरडू काय असेल ते निघून जाईल. लहान हेमंतने एकदा विचारलं, मारत का नाही? "घर त्यांचा हाय," म्हातारबा म्हणाले, "आपुन वाजवून जावाचा." शेती गेली, तिथे इमारती आल्या, पण सवय हेमंतच्या हातात उतरली. रोज सकाळी तो आमच्या बंद, रिकाम्या फ्लॅटच्या जाळीच्या दारावर किल्ली ठोकायचा आणि मगच कुलूप उघडायचा. आत पालीशिवाय कुणी नसायचं. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती बेन पहिल्यांदा घाबरून बाहेर आल्या होत्या, "कौन है?" म्हणून. नंतर त्यांना सवय झाली. त्या आतूनच विचारायच्या, "आव्या, हेमंतभाई?" आणि हा ओरडायचा, "हां बेन, चाय रखो!" चहा यायचाही. निर्लज्ज होता. खेळातला तो टण् टण् आवाज त्याच दारावर रेकॉर्ड केलेला आहे.

खेळ बाहेर आला आणि लोकांनी आम्हाला धुतलं. "भाई, एक भाला तो दे दो." "हा खेळ आहे की मत्स्यालयाची सहल?" एकाने तर आम्हाला भित्रे ठरवून मोकळं केलं. मी चिडायचो, उत्तरं खरडायचो. हेमंत सगळं वाचायचा आणि म्हणायचा, "घाबरलेत रे. घाबरला की माणूस पहिला हातात काय सापडतं ते बघतो." मग एका बाईंचं लांबलचक पत्र आलं. त्या गुहेत अडकल्या होत्या आणि तोंडाशी आमचं भलंमोठं पाकट पसरलं होतं, चटईसारखा तो काटेरी शेपटीचा मासा. त्यांनी ठोकून पाहिलं, शिव्या देऊन पाहिल्या, शेवटी कंटाळून नुसत्या बघत बसल्या. पाकट झोपलं होतं, मग जागं झालं आणि निघून गेलं. त्यांनी लिहिलं होतं, खेळात मी कुणाची झोप होईपर्यंत थांबले असं कधी झालं नव्हतं. हेमंतने ते पत्र मला दिवसभर पुन्हापुन्हा वाचून दाखवलं. मला अगदी नको केलं त्याने.

पण पत्रांवर भाडं निघत नाही. एका वितरक कंपनीने खेळ विकायला घ्यायची तयारी दाखवली, अट एकच... भाला घाला. नाहीतर आमचं दुकान बंद होणार हे उघड होतं. मी घालू म्हणत होतो, हेमंत नाही, आणि त्यावरूनच ती शेवटची संध्याकाळ बिघडली.

परवा हेमंतच्या आईला भेटायला गेलो होतो. तिने विचारलं, "त्याचा खेल चालू हाय ना रे?" मी हो म्हणालो. "मंग बरा," म्हणाली आणि वाटीतला लाडू माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मी भाला बनवायला बसलो. खेळ तरी जगेल, असं मनाशी म्हणत. भाला बनवणं अवघड नव्हतं. पाकटावर सोडला, नेमका लागला. पाकट थरथरलं, वळलं आणि मला वाट करून दिली. काहीही आदळलं तरी त्याला ते ठोकणंच वाटत होतं. हेमंतने त्याला पोहणं दिलं होतं, चरणं, झोपणं, दचकणं, वाट देणं. मरणं दिलेलं नव्हतं. एकाही प्राण्याला नाही. म्हणजे ते आता मी काढायचं होतं... पंख कसे सैल पडतात, डोळा कसा थिजतो. कसं ते मी महिन्यापूर्वीच पाहिलं होतं, त्याच्या घरी, त्याला खाली ठेवलं तेव्हा. मी फाइल बंद केली. कंपनीला कळवून टाकलं की भाला होणार नाही. पुढे काय, मला माहीत नाही.

आज सकाळी फ्लॅटवर आलो. किल्ली कुलपाला लावणार, तोच थांबलो आणि जाळीवर ठोकली, टण् टण्. समोरच्या घरातून आवाज आला, "आव्या, हेमंत..." आणि तिथेच थांबला. मग बेनचं दार उघडलं.

"मैं हूँ, बेन," मी म्हणालो.

त्यांनी पदराने डोळे पुसले. "रोज बजाना," म्हणाल्या. "चाय रखती हूँ."