उदाहरणादाखल दादा

गल्लीत त्याला सगळे तळटीप म्हणतात. माणूस दिसायला गरीब, पण सूचना लिहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. न्हाणीघरातल्या नळावर चिठ्ठी, 'उलटा फिरतो'. फ्रिजवर चिठ्ठी, 'दार नीट ढकलावे'. बायको एकदा म्हणाली, "माझ्या कपाळावरपण लावा एक, 'सकाळी बोलू नये'." डिंक घरात होताच, पण तेवढी हिंमत नव्हती.

या खोडीचा त्याला पगार मिळतो. लोकांच्या फायली साठवून ठेवणारी कंपनी. तिथली बरीच कामं आता एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण उरकणारे प्रोग्रॅम, करतात, आणि कुठलं टूल कधी, कसं वापरायचं हे त्या एजंटांसाठी लिहून ठेवायचं काम तळटीपचं. "घरच्यांपेक्षा बरे," तो म्हणतो, "निदान वाचतात तरी."

घरच्यांत त्याला सलणारा काटा एकच, दादा. दादा रेडिओवर बातम्या वाचायचा. पूर येवो, सरकार पडो, आवाजाची इस्त्री मोडायची नाही. वडील आल्यागेल्याला सांगायचे, "आवाज थोरल्याला मिळाला. धाकट्याचं अक्षर बरं आहे." तळटीपच्या लग्नातसुद्धा पाहुणे नवरदेवाला सोडून दादाभोवती.

मग कर्करोगात दादाचं स्वरयंत्र काढलं. आता दादा फोनवर टाईप करतो आणि फोनमधली एक बाई ते बोलून दाखवते. एकदा सगळे तळटीपकडे जेवायला बसले असताना ती म्हणाली, "मीठ दे रे." पोरं हसत टेबलाखाली शिरली.

"हसा," वहिनी म्हणाली. "पुढच्या महिन्यात डॉक्टर ह्याच फोनमध्ये ह्यांचा स्वतःचा आवाज बसवून देणार आहेत. जुनी रेकॉर्डिंग तेवढी हवीत. भावजींच्या कंपनीत ठेवली म्हणून वाचली. रेडिओवाल्यांनी तर टेपा भंगारात घातल्या."

तळटीपचा घास तोंडातल्या तोंडात फिरला. मुका झाला तरी पंगतीत बोलबाला ह्याचाच, आणि आता हा परत बोलणार.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात नवीन टूल आलं होतं, अख्खं खातं पुसणारं. तळटीपने जीव ओतून लिहिलं: 'पुसलेलं परत मिळत नाही. राखीव प्रतही जाते. मालकाला विचारल्याशिवाय वापरू नये.' खाली एक नमुना द्यायचा असतो. नमुन्यात नेहमी खोटा नंबर घालावा हा नियम त्यानेच केलेला, कारण नंबर सांगितला नाही की एजंट कधीकधी नमुन्यातलाच उचलतो. तळटीपने दादाच्या खात्याचा नंबर घातला. 'उदाहरणार्थ, हे खातं पुसा.' वाचलं, पुन्हा वाचलं. उकाड्यात पंखा लागल्यासारखं वाटलं.

शेजारची टेस्टर वाकून म्हणाली, "हा नंबर खरा वाटतोय."

"खोटाच आहे. दिसायला खरा हवा ना."

"एजंटाने उचलला तर?"

"मालकाला विचारा असं लिहिलंय की वर. वाचता येतं त्यांना."

त्या विचारण्याच्या ओळीवर साहेबांनी काट मारली. एजंट सारखे विचारत बसतात, गिऱ्हाईक वैतागतं. नमुना मात्र आवडला. सुटसुटीत, म्हणाले. तळटीपने तेव्हाच नंबर बदलायला हवा होता. पण गंमत अजून पुरती चाखून झाली नव्हती. उद्या बदलू, म्हणाला.

त्याच आठवड्यात कुणा कारकुनाने एजंटाला सांगितलं, ते चाचणीचं खातं साफ कर. कुठलं, ते सांगितलं नाही. एजंटाने नमुना वाचला.

"नंबर बदल आता," टेस्टर म्हणाली. "खात्यावर आडनाव तुझंच होतं." त्यानंतर ती त्याच्यासोबत चहाला गेली नाही.

कंपनीने दादाला 'यांत्रिक चूक' म्हणून कळवलं. संध्याकाळी दादा तळटीपच्या दारात उभा. "सगळं गेलं रे," फोनमधली बाई म्हणाली, बसची वेळ सांगावी तशी.

"भावजी, कुणाकडे काही असेल का हो?" वहिनीने विचारलं. "डॉक्टर म्हणतात, मिनिटभराचं असलं तरी भागेल."

होतं. तळटीपच्याच फोनमध्ये. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी दादाने पाठवलेला निरोप, हुंदके देत: "येतोस का रे? भीती वाटतेय मला. हिच्यासमोर रडता येत नाही. नुसता बस थोडा वेळ." तळटीप गेला नव्हता. निरोप मात्र जपून ठेवला होता. मन उदास झालं की लावून ऐकायचा, म्हणजे बरं वाटायचं.

त्याने तो दिला. वहिनीने शेवटपर्यंत ऐकला आणि त्याच्याकडे न बघता डॉक्टरांकडे पाठवला.

आवाज हुबेहूब आला, हुंदक्यासकट. यंत्र तरी काय करणार, पुढ्यात आलेला नमुना तेवढाच. आता दादा काहीही टाईप करो, रडूनच बाहेर पडतं. 'उद्या अर्धा लिटरच द्या' म्हटलं तरी दूधवाला विचारतो, घरी काही झालं का. बातम्या वाचणारा मूळचा आवाज कसा होता, ते पोरं हळूहळू विसरली.

परवा पुन्हा सगळे जेवायला बसले. दादाने टाईप केलं.

"तुझ्यामुळे आवाज परत मिळाला रे," फोन स्फुंदत म्हणाला. "मीठ दे."

पोरं या खेपेला टेबलाखाली गेली नाहीत. तळटीपने बरणी उचलली. तिच्यावर त्याच्याच अक्षरात चिठ्ठी होती, 'झाकण सैल आहे'. तो ती वाचतच राहिला. दादा हात पुढे करून थांबला होता.