दुसऱ्याच्या वाटणीचा डोंगर

मी शाळेत असताना नेपाळच्या डोंगरांवर जाऊन आलो, हे हिंगणघाटात आमच्या वेळच्या पुष्कळांना आठवत असेल. त्या सहलीतली जागा माझी नव्हती, आणि ती मला कशी मिळाली हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. आता पन्नाशी उलटली. तोंडाने बोलायचं मला कधी जमलं नाही, म्हणून लिहितो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नववीची परीक्षा देऊन मी आणि माझा मित्र मोकळे झालो होतो. त्याचं घर आमच्या घरामागे, मधे फक्त तुराट्यांचं कुंपण. त्याचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, माझे नगरपालिकेत कारकून. लहानपणापासून आम्ही एकत्र. पण एकत्र म्हणजे तो पुढे आणि मी मागे. विहिरीत उडी आधी त्याची, चिंचेच्या शेंड्यावर आधी तो. जिनिंगच्या आवारात कापसाच्या दाबलेल्या गाठी थरावर थर रचलेल्या असत, त्यांवर तो माकडासारखा चढायचा आणि वरून मला म्हणायचा, "ये ना बे, काई होत नाई." काही होत नाही हे मलाही कळायचं. पाय उचलायचे नाहीत.

त्या वर्षी नागपूरच्या एका मंडळाने स्काउटच्या पोरांना उन्हाळ्यात नेपाळला न्यायचं ठरवलं. तंबूत राहायचं, दोरीने कडे उतरायचे, डोंगर चढायचे. खर्च मंडळाचा, शाळेमागे एक पोरगा. परदेश हा शब्द आमच्या गल्लीत तोवर कोणी स्वतःच्या पोराबद्दल वापरला नव्हता.

स्काउटच्या सरांनी परीक्षा घेतली. शाळेतल्या कडुनिंबाला दोर बांधला. तो खारीसारखा वर गेला. मी अर्ध्यावर लटकलो आणि तळहात सोलून खाली आलो. मग पाठीवर रेतीचं पोतडं घेऊन गिरडची टेकडी चढायची होती. तो वर पोचला, स्वतःचं पोतडं ठेवलं, परत खाली आला आणि माझंही उचललं. सर हसले. बाकीची पोरंही हसली असतील, मी पाहिलं नाही. एवढं आठवतं की पाठ हलकी झाली त्या क्षणी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता.

सरांनी त्याची निवड जाहीर केली. माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् तू राखीव. याचं काही झालंच तर तू."

याचं काही झालंच तर. त्या उन्हाळ्यात हे वाक्य मी मनात किती वेळा घोळवलं त्याला सुमार नाही. ताप यावा, पाय मुरगळावा, त्यांच्या गावाकडचं कोणी म्हातारं वारावं. इतकं सगळं मी एका मित्रासाठी चिंतत होतो, आणि संध्याकाळी त्याच्याच अंगणात बसून त्याच्याच घरचा भाजलेला भुईमूग खात होतो.

त्याच्या आईने त्याच्यासाठी कापूस भरून बंडी शिवली होती. आमच्याकडे जाड स्वेटर कोणाकडे असणार? तिने जिनिंगचा स्वच्छ कापूस आणला, दुहेरी कापडात भरला आणि गादीसारखे टाके घातले. तो मे महिन्याच्या उन्हात ती बंडी घालून गल्लीभर हिंडला. लोक म्हणाले, "येडा झाला का बे? उकडून मरशीन." तो म्हणाला, "सवय करून राह्यलो." मग त्याने मलाही घालायला दिली. "पाह्य बरं, तुलेबी बरोब्बर येते." खरंच मापाची होती. मी ती घरी नेली आणि दिवसभर अंगावरून उतरवली नाही. आरशात स्वतःला पाहत राहिलो.

दोघांच्याही पाठी घामोळ्यांनी भरल्या.

आता त्याच्या आईबद्दल सांगायला हवं. मी तिला मावशी म्हणायचो. तिच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. त्याच देवीच्या साथीत तिची पहिली मुलगी गेली होती. त्या मुलीचा विषय घरात निघत नसे. देवीचा रोग आता देशातून गेला असं सरकारने सांगितलं होतं, पण मावशीचा त्यावर विश्वास नव्हता. कोणाच्या अंगावर कांजण्या दिसोत, गोवर दिसो, तिच्यासाठी ती माता. आणि आमच्याकडे एकदा माता आली म्हटलं की रीत ठरलेली: दाराला कडुनिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, रोज सकाळी मातामायच्या ठाण्यावर पाणी. आणि बोळवण होईपर्यंत त्या माणसाने गावाची शीव ओलांडायची नाही. ही माता नव्हे, दुसरं काही आहे, असं म्हणायचीही सोय नसे. तसं म्हटलं तर ती कोपते.

हे सगळं मला पाठ होतं. मी त्यांच्या अंगणातच वाढलो होतो.

निघायला थोडे दिवस उरले होते. सकाळची वेळ. मावशी बाजेवर शेवया वाळत घालत होती. तो टाक्याशी उघड्याने अंघोळ करत होता. मी सदऱ्याची गळ्यापर्यंत बटणं लावून ओट्यावर बसलो होतो. आत पाठ चुरचुरत होती.

"मावशी," मी म्हणालो, "याच्या पाठीवर काय निघालं?"

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःची समजूत घातली, की मी नुसतं विचारलं होतं. पोरगा सहज विचारतो तसं.

"काय निघालं?" तिने मान वर केली.

"काई नाई बाई, घामोळ्या आहे," तो म्हणाला. "बंडी घालून हिंडलो ना."

ती पिठाच्या हातांनीच उठली. त्याला उन्हाकडे वळवून पाठीवरून बोट फिरवू लागली.

"मानेवरही आहे," मी म्हणालो.

"अवं, याच्याही पाठीवर असंन. यानंही दिवसभर घातली होती." तो माझ्याकडे पाहून हसला. "काऊन बे, सांग ना तिले."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हाही कळलं होतं. मी हो म्हणावं म्हणून ती माझी विनवणी करत होती.

"माह्या पाठीवर काई नाई," मी म्हणालो.

त्याने दोन पावलं टाकून माझा सदरा वर केला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. त्याने तसं केलं नाही. माझं म्हणणं खरं मानलं, की मित्राला आईसमोर खोटं पाडायचं नाही म्हणून थांबला, ते मला आजही माहीत नाही.

मावशीने जमिनीला हात लावून कपाळाला लावला. "आली माय माही," एवढंच म्हणाली आणि डहाळा तोडायला निघाली.

संध्याकाळी त्याच्या वडिलांनी कुरकुर केली. कुंपणापलीकडून मला ऐकू येत होतं.

"अवं, मले तं घामोळ्याच दिसून राह्यल्या."

"तोंड सांभाळून बोला. एक गेली माही."

दुसऱ्या दिवशी सर आले. चपला काढून दाराबाहेर उभे राहिले, डहाळ्याला नमस्कार केला. शिकलेले होते, पण त्यांनाही पाठ पाहू द्या म्हणवलं नाही. जाताना मला म्हणाले, "तयारी कर."

बंडी माझ्याच घरी होती. मी परत करायला कुंपणाशी गेलो, तर मावशी म्हणाली, "राहू दे बाप्पू तुह्याजवळच. थंडी लय अस्ते म्हंते तिथं. घालजो." मागे खोलीत कडुनिंबाच्या पाल्यावर तो पडला होता. त्याने हात वर केला. "नीट पाहून येजो बे सगळं. मग मले सांगजो."

गाडीने गोरखपूर, तिथून बसने सीमा. परदेशाचं दार म्हणजे रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू होता. माणसं सायकली ढकलत, बकऱ्या हाकत इकडून तिकडे जात होती. नागपूरचा एक पोरगा म्हणाला, "हेच का बे फॉरेन? हे तं आपल्या जाम गावच्या चौरस्त्यावानी आहे." सगळे हसले. हे वाक्य माझ्या मित्राला किती आवडलं असतं, असं माझ्या मनात आलं आणि मी हसायचा थांबलो.

पोखऱ्याच्या वर आमचे तंबू होते. पहिल्या सकाळी ढग बाजूला झाले आणि बर्फाचा डोंगर एकदम दिसला. मी तो ढगांच्या उंचीवर शोधत होतो, आणि तो त्याहून वर निघाला. पोरं ओरडली. मी बंडीचे बंद बांधत उभा राहिलो. इतकं मोठं काही आपल्या नशिबात आलं याचा आनंद व्हायला हवा होता. मला फक्त एवढंच वाटलं, की तो इथे असता तर त्याला हे माझ्यापेक्षा जास्त दिसलं असतं.

कडा उतरायच्या दिवशी मी काठावर पाठमोरा उभा राहिलो आणि माझे पाय तिथेच रुतले. नेपाळी शिक्षक हिंदीत समजावत होते, "नीचे मत देखो, रस्सी पर वजन दो." खाली उतरलेली पोरं वाट पाहत होती. अमरावतीचा एक पोरगा म्हणाला, "तुमच्या शाळेत दुसरं कोणी नव्हतं का बे?" मला शेवटी काठावरून मागे ओढून घेतलं. मग रोज मी तंबूपाशी बसून भांडी घासू लागलो. त्या भांड्यांपाशी बसून मी हेवा करत होतो, आणि तोही कोणाचा, तर हिंगणघाटात पाल्यावर पडून असलेल्या पोराचा. तो न येताही माझ्यापुढे होता.

परत आलो तेव्हा त्याची पाठ केव्हाच साफ झाली होती. दहीभाताचा नैवेद्य होऊन मातेची बोळवण झाली होती. मला पाहताच मावशीने दोन्ही हातांनी माझी दृष्ट काढली, बोटं कानशिलांवर मोडली. "तुले दिसलं म्हून वाचलं माहं लेकरू. घाटात जाऊन अंगात भरली असती तं मी कोणाले विचारलं असतं?" त्यानंतर दर उन्हाळ्यात मातामायच्या पूजेचा दहीभात सगळ्यांत आधी आमच्या घरी, माझ्या नावाने येऊ लागला. मी तो खाल्ला. प्रत्येक वर्षी खाल्ला.

आणि त्याने विचारलं. ओट्यावर मांडी घालून, माझ्यासमोर बसून.

"बर्फ पाह्यला?"

"दुरून."

"कसा अस्ते?"

"काई खास नाई. पांढरा."

"दोरीनं उतरला का मग?"

"उतरलो ना."

"लेका, तुले चिंचेवरून उतरता येत नव्हतं." तो खूश होऊन हसला. "अजून सांग ना."

"सांगन पुढं कधी."

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो तिथे बसल्या बसल्या जाऊन आला असता, माझ्यापेक्षा चांगला. तेवढंही मला सोसणार नव्हतं. दोन-चारदा त्याने पुन्हा विषय काढला. मग सोडून दिला.

ऐंशीच्या दशकात मी नोकरीसाठी वर्ध्याला आलो. तो सेलूकडे मामाची शेती पाहू लागला, आणि चांगली पाहिली. मी त्याचं आयुष्य बिघडवलं असं म्हणणं म्हणजे स्वतःला उगाच मोठं करणं होईल. त्याचं काही अडलं नाही. त्याच्या लग्नात मावशीने मला हाताला धरून नव्या सुनेपुढे उभं केलं. "हा पाह्य. याच्यामुळं तुले नवरा भेटला." बायका हसल्या. मुंडावळ्यांतून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो, डॉक्टर आहे आमचा." त्या बोलण्यात खोच होती की माया, हे मी पुष्कळदा उलटून पाहिलं. मला ठरवता आलं नाही.

त्याच लग्नात जेवणाच्या पंगतीत त्याला बाजूला घेऊन बोलायचं मी ठरवलं होतं. मग मावशी आग्रहाने वाढायला आली. ती हयात असेपर्यंत बोलायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. तिच्या भल्यासाठी, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की तिच्या घरात माझा जो मान होता तो मला सोडवत नव्हता. ती गेली. तिला सांगायचं राहिलं, ते आता कायमचंच.

तो आहे. सेलूकडे त्याच गावात राहतो, मी गेलो की चहा टाकतो. त्या सकाळी मी त्याच्या आईसमोर खोटं बोललो आणि ते त्याची जागा घेण्यासाठीच बोललो, हे त्याला त्याच्या तोंडावर सांगण्याचं देणं मी लागतो. आणि तिथे मी जे पाहिलं ते सगळं, काही न लपवता, त्याला सांगण्याचंही देणं लागतो. दोन्ही देणी अजून फेडलेली नाहीत.