गणपतकाकांच्या वहीतलं लीकेज

कॅन्सरच्या वॉर्डात हसण्यासारखं काय असतं, असं माझी भावजय नेहमी विचारते. तिला काय सांगू? पंधरा वर्षं नागपुरात सर्जरी विभागात नर्स आहे मी. पोटाखालच्या दुखण्यांबद्दल माणसं आधी तोंड उघडत नाहीत, आणि एकदा उघडलं की थांबत नाहीत! सगळं माझ्याकडे साठत जातं. त्यात एकट्या गणपतकाकांचेच इतके किस्से आहेत, की आज बाकीच्यांना जागाच नाही.

*

काका कोराडीच्या वीज केंद्रातले रिटायर्ड बॉयलर ऑपरेटर. नोकरी संपली, पण रीडिंग लिहायची सवय सुटली नाही. ओपीडीत आले ते वही घेऊनच. वहीत काय, तर संडासाच्या नोंदी! 'साफ झाल्यासारखं वाटत नाही.' 'आज परत रक्त.' 'वजन चार किलो कमी.' पाच महिने रोज, आणि प्रत्येक नोंदीपुढे शेरा: 'पाइल्स. निरीक्षण चालू.'

डॉक्टरांनी विचारलं, "प्लांटमध्ये पाच महिने लीकेज नुसतं लिहून ठेवलं असतं का?"

"छ्या! त्याच पाळीत शटडाउन घेतलं असतं."

"मग इथे का नाही?"

"तिथं साहेब रोज वही तपासून सही करे न, सर. घरी कोण तपासते?"

"मी तपासतो," म्हणत डॉक्टरांनी हातमोजा चढवला.

*

मोजा पाहून काका टेबलावरून उतरायलाच लागले. "बोटानं काहून? फोटो काढा न!"

काकू दारातूनच कडाडल्या, "पाच महिने वही लिहून राहिले, अन् आता दोन मिनिटाची लाज? झोपा गुमान!"

झोपले. बोटाला गाठ लागली. मग दुर्बीण, तुकड्याची तपासणी, एमआरआय. गुदाशयाचा कॅन्सर निघाला, पण पसरलेला नव्हता. आधी रेडिएशन आणि केमोच्या गोळ्या, नंतर ऑपरेशन असं ठरलं. त्या पाच महिन्यांचा मला अजून राग येतो. पण काकूंचा आवाज ऐकला की राग पळतो.

*

काकांना रेडिएशन घेताना मूत्राशय भरलेलं ठेवायला सांगितलं होतं. काका कोराडीच्या बसमध्येच पाण्याची बाटली संपवत, सगळं टायमिंग जमवून येत. एक दिवस नेमकं मशीन अडलं.

टेक्निशियन म्हणाला, "काका, फक्त वीस मिनिटं."

काका पाय आवळून म्हणाले, "बाप्पा, तुह्या मशीनले सेफ्टी व्हॉल्व्ह असन. मले नाही!"

*

ऑपरेशनमध्ये गाठ काढून आतडं जोडलं. जोड भरून येईपर्यंत मळ जमा व्हायला पोटावर पिशवी. पहिल्या दिवशी काकांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. भिंतीकडे तोंड करून रडले. "मेन लाइन परत चालू होईन न, सिस्टर?" होईल म्हटलं आणि त्यांची उशी सरळ केली.

पुढच्या भेटीत काकूंनीच सांगितलं. भाच्याच्या साखरपुड्यात काका जेवायला बसले आणि पिशवी गुरगुरली! पंगतीतल्या माना वळल्या. वाढपी पळी धरून उभाच. काका म्हणाले, "थांबू नको गा, बायपास चालू हाय. वाढ!"

*

काही महिन्यांनी पिशवी बंद करायचं ऑपरेशन झालं. आता प्रश्न एकच होता, खालून हवा सरते का? ओपीडीतले तेच डॉक्टर, आमचे सर, रोज राउंडला तेवढंच विचारत. पहिला दिवस, नाही. दुसरा दिवस, नाही. पोट फुगलेलं, उशाशी वही कोरी. काकूंचंही जेवणावर लक्ष नव्हतं. शेजारच्या खाटांवरचे पेशंट स्वतःचं दुखणं विसरून काकांकडे कान लावून बसले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर आले. "काय काका, काही खबर?"

काकांनी वही पुढे केली.

'६.१०. मेन लाइन चालू. आवाज स्पष्ट.'

खाली साक्षीदार: काकूंची सही, खाट चारची सही, खाट पाचची सही आणि खाट सातवरच्या आजोबांचा अंगठा.

सरांनी दोनदा वाचलं. मग खिशातलं पेन काढलं, खाली 'तपासले' लिहिलं आणि सही केली.